नाथाजी मिस्त्रींचा पाण्यातला डोंगर

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्यातली निदान वीस वर्षं "गप्प बसा" एवढंच शिकवलं. निवृत्त झाल्यावर मासे पाळले ते त्यामुळेच. आमच्या बैठकीतल्या काचेच्या टाकीत सतरा मासे आहेत. प्रत्येकाला हजेरी क्रमांक आहे. सकाळी चहाच्या आधी मी हजेरी घेते आणि एकही जण ओरडत नाही. माझे यजमान अनंतराव म्हणतात, "विनू, शेवटी तुला हवा तसा वर्ग मिळाला." त्यात खोटं काही नाही.

पण मला सांगायचं आहे ते नाथाजी मिस्त्रींविषयी. मासे मध्ये येतील तेवढे येतील.

नाथाजी शिंगाडे मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीपासून आत कुठेतरी. पंधराव्या वर्षी घर सोडून ते सांगलीजवळ माधवनगरला गेले. तिथे गिरणी कामगारांच्या खोल्यांची डागडुजी चालायची, आणि ती करणारे बसाप्पा नावाचे एक कानडी मिस्त्री होते. नाथाजी त्यांच्या हाताखाली आधी विटा देऊ लागले, मग माल कालवू लागले आणि चार वर्षांनी स्वतः भिंत उचलू लागले. बसाप्पांकडून त्यांनी दोन गोष्टी घेतल्या. एक म्हणजे लोखंडी थापी, जी उस्तादांनी काम सोडताना त्यांना दिली. दुसरी म्हणजे "निधान" हा शब्द. कानडीत निधान म्हणजे सावकाश. काम करताना हा शब्द ते स्वतःशीच पुटपुटतात, शेजारी बसलेल्याला ऐकू येतो हे त्यांना ठाऊकही नसतं.

पुढे ते साताऱ्यात आले आणि इथलेच झाले. गोडोलीतल्या निम्म्या भिंती आपल्या हातच्या आहेत असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं म्हटलं तरी अर्धा तास जातो, कारण वाटेतली प्रत्येक भिंत ते एक डोळा मिटून बघतात. "ह्यो कोपरा कुणी केला आसंल त्याला भाकरी देऊ नये," असं त्यांनी एकदा एका नव्याकोऱ्या बंगल्याच्या मालकासमोरच म्हटलं होतं.

तीन वर्षांपूर्वी ते बांधकामाच्या परांचीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसवावी लागली. त्यांची मुलगी क्रांती एसटीत वाहक आहे आणि आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहते. तिने वडिलांना आपल्याकडे आणलं. शस्त्रक्रिया चालू होती ते पाच तास ती दवाखान्याच्या जिन्यात उभी होती, खाकी गणवेशात, खांद्याला तिकिटांची बॅग तशीच. घरी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते म्हणजे ती थापी उचलली, आपल्या ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं. किल्ली तिने स्वतःच्या जुडग्यात अडकवली आणि जुडगा बॅगेत ठेवला.

त्या दिवसापासून नाथाजी ओट्यावर बसू लागले. सुरुवातीला येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे. पुढे नुसते बघायचे. मग बघणंही कमी झालं. मी शाळेत अशी मुलं पाहिली आहेत. ती खोड्या काढत नाहीत, उत्तरं देत नाहीत, बाकावर असतात पण वर्गात नसतात. दंगेखोर मुलांची मला कधी काळजी वाटली नाही, ह्या मुलांची वाटायची.

गेल्या वर्षी मी चार फुटी नवी टाकी आणली. दुकानदाराने पाठीमागे चिकटवायला म्हणून एक चकचकीत चित्र फुकट दिलं. त्यात निळा समुद्र, पोपटी पोवळी आणि वर सूर्याचे किरण. साताऱ्यात! समोर खिडकीतून अजिंक्यतारा दिसतोय आणि माझ्या माशांनी पोवळी बघायची? मी ते चित्र परत केलं. मोबाइलवर मी एक माणूस पाहिला होता. थर्माकोलचे तुकडे चिकटवायचे, कोरायचे, वर पातळ सिमेंटचे हात द्यायचे, की टाकीच्या आतल्या बाजूला खराखुरा कडा उभा राहतो. अनंतराव म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच ना?" आणि रविवारभर बसून त्यांनी एक कडा केला. तो दुधात बुडवलेल्या पावासारखा दिसत होता. मी तसं म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग मी क्रांतीकडे गेले. नाथाजी ओट्यावर होते, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मी विचारलं, "क्रांती, आबांकडे माझं एक काम आहे. बसून करायचं."

"बसून म्हंजे बसूनच ना, काकू?" ती म्हणाली. "स्टुलावर चढायचं बी न्हाई."

"फरशीवर बसून. माझ्या डोळ्यांसमोर."

"करू द्या. पर थापी मिळणार न्हाई. थापी हातात आली की आबा स्लॅबवर दिसत्यात."

"मग काम कशानं करायचं?" ओट्यावरून आवाज आला. कितीतरी दिवसांनी मी तो ऐकला.

"ते तुमचं तुमी बघा," क्रांती म्हणाली. मग वडिलांकडे बघून जरा मऊ झाली. "ह्ये नीट करून दावा. मग थापीचं बघू."

नाथाजी उठले. काठी टेकत ते माझ्यामागून आमच्या घरी आले, आणि मला कळलं की आता हे काम माशांचं राहिलेलं नाही.

थर्माकोल बघून त्यांनी नाक मुरडलं. फ्रिजच्या खोक्यातला तो पांढरा ढीग मी दुकानातून मागून आणला होता. "आवं बाई, गणपतीचं मखर करायचंय का घर बांधायचंय?" त्यांनी एक तुकडा बोटाने दाबला. "ह्येला बूड न्हाई आन वजन न्हाई." तरी बसले. थापीऐवजी त्यांनी माझा कालथा घेतला, भाजी चिरायची सुरी घेतली, आणि देव्हाऱ्यातल्या उदबत्त्यांचा पुडा. पेटत्या उदबत्तीचं टोक लावलं की थर्माकोल वितळून बारीक भोक पडतं, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत शोधून काढलं. मी खिडक्या उघडल्या आणि त्यांच्या नाकावर जबरदस्तीने पंचा बांधला.

चौथ्या दिवशी आमचं भांडण झालं. मी त्यांना सांगितलं, की आपल्याकडचा डोंगर असा भसाभस उभा नसतो. लाव्हारसाचे थर एकावर एक बसलेले असतात, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडी पट्टी दिसते. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"बाई, तुमी डोंगर पुस्तकात बघितला. मी पंधरा वरसं सुरुंगाचा दगड फोडून पाया भरलाय. तांबडा थर कुठं आसतो ते मला इचारा."

"विचारते. कुठे असतो?"

त्यांनी एक डोळा मिटला, थर्माकोलवर नखाने रेघ मारली. रेघ बरोबर होती. एकतीस वर्षं मी फळ्यावर ती चुकीच्या उंचीवर काढत आले होते की काय, अशी मला शंका आली. ती मी त्यांना बोलून दाखवली नाही.

असा तो डोंगर होत गेला. सिमेंट ताकाएवढं पातळ कालवायचं, ब्रशने लावायचं, वाळू द्यायचं, पुन्हा लावायचं. काळ्या रंगात थोडी राख, तांबड्या पट्टीला काव. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक भुयार कोरलं, हाताची मूठ जाईल एवढं, आणि ते वळवून मागच्या बाजूने दुसरीकडे बाहेर काढलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मागलं दार. घराला मागलं दार पायजेच. सोयरं पुढनं आलं की पोरं मागनं पळत्यात."

"मासे आहेत ते, मिस्त्री."

"मग काय त्येंना सोयरं न्हाईत?"

ह्यावर अनंतराव इतके हसले की त्यांच्या हातातला चहा कावेच्या डब्यात सांडला.

कडा टाकीच्या मागच्या काचेला सिलिकॉनने चिकटवला, आणि इथे मी घाण केली. दोन दिवस वाळू द्यायचं होतं. मी त्याच संध्याकाळी पाणी सोडलं. अर्धी टाकी भरेपर्यंत सगळं ठीक होतं. मग "फट्" असा आवाज झाला आणि अख्खा सह्याद्री पाण्यावर तरंगायला लागला. थर्माकोलला वजन नाही हे ते पहिल्याच दिवशी बोलले होते. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण नाथाजी भिंतीला टेकून पोट धरधरून हसत होते. "स्लॅब टाकल्या दिवशी कुणी राहाय जातं व्हय, बाई? निधान, निधान!" त्यांनी पुन्हा चिकटवला. ह्या खेपेला वरून पाट्यावरचा वरवंटा दाबून ठेवला.

नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. म्हणून टाकी भरायची, दोन दिवसांनी पाणी बदलायचं, पुन्हा भरायची. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. "एकवीस दिस पाणी मारायचं. भिंतीला बी त्येच." पण पाणी टाकून देताना त्यांचा जीव खालीवर व्हायचा. माणच्या माणसाला बादलीभर पाणी गटारात जाताना बघवत नाही. मग त्या पाण्याने आमचा जिना धुतला, शेजारच्यांचा जिना धुतला, आणि तीन आठवड्यांत अनंतरावांची स्कूटर अकरा वेळा धुतली. नाथाजी खुर्चीवर बसून सांगायचे, अनंतराव बादल्या वाहायचे.

बाविसाव्या दिवशी मी पाणी तपासलं. त्यासाठी थेंबांची बाटली मिळते. थेंब टाकल्यावर पाणी हिरवट राहिलं तर मासे सोडता येतात, निळं झालं तर चुना उरलाय. पाणी हिरवट राहिलं. मी आनंदाने बाजारात जाऊन नारळ, टॉवेल आणि टोपी घेऊन आले. घर पुरं झालं की वास्तुशांतीला मालक मिस्त्रीला टॉवेल-टोपी देतो, ही आपल्याकडची रीत आहे आणि मी मालक होते.

नाथाजींनी हात जोडले. "आज न्हाई, बाई. मासं राहाय आल्याबिगर वास्तुशांत कसली? उद्याच्याला घालू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीला हळद-कुंकू वाहिलं, वर अक्षताही टाकल्या, आणि आधी दोघांनाच जाळीने नव्या घरात सोडलं. एक नंबर, जो सगळ्यांत दांडगा, आणि नऊ नंबर. हा नऊ नंबर म्हणजे लहानसा काळसर एंजल मासा. जुन्या टाकीत तो दिवसभर फिल्टरच्या मागे लपून असायचा. हजेरीला दिसला नाही तरी मी त्याची गैरहजेरी मांडत नव्हते.

तासाभरात दोघेही पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. नऊ नंबर आडवा झाला. मी दोघांना उचलून जुन्या टाकीत टाकलं आणि थेंबांची बाटली काढली. पाणी गर्द निळं झालं.

"काय लावलंत?" मी नाथाजींना विचारलं.

ते काठी टेकत टाकीजवळ आले. "नीरू," म्हणाले.

नीरू म्हणजे गिलावा वाळल्यावर वरून फिरवतात तो चुन्याचा गुळगुळीत हात. आदल्या दुपारी मी बाजारात गेले असताना त्यांनी गल्लीच्या टोकाला चाललेल्या बांधकामावरून मूठभर नीरू कागदात बांधून आणला होता. शेवटचं पाणी बदलायचं म्हणून टाकी रिकामी केलेली होतीच. त्यात काळा रंग मिसळून त्यांनी बोटाने तो कड्याला लावला होता. माझी तपासणी झाल्यानंतर.

माझा संताप सगळ्या शाळेला माहीत होता. तो वर्गाबाहेर ऐकू जायचा. मी म्हणाले, "म्हणूनच क्रांतीने थापी कुलपात ठेवली आहे!"

नाथाजींनी काठी घेतली आणि ते घरी गेले.

मी पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरात भांडी आपटली. अनंतराव दारात येऊन उभे राहिले. हा माणूस वर्षातून दोनदा मला सुनावतो आणि दोन्ही वेळा हळू आवाजात. "त्यांनी नीरू लावला," ते म्हणाले. "तू कुंकू टाकलंस. कुंकवातही चुना असतो, तूच मला सांगितलं होतंस. माशांना दोन्ही नको होतं."

चिमूटभर कुंकवाने टाकी निळी होत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तरी मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मला माझी लाज वाटली. अगदी स्पष्ट, शाळेतल्या मुलाला वाटते तशी लाज वाटली.

शेजारी गेले तेव्हा क्रांती नुकतीच कामावरून आली होती. नाथाजी कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. ती मला हळूच म्हणाली, "आबा म्हणत्यात, किल्ली हिरीत टाकून दे. काय झालं, काकू?"

मी झालं ते सांगितलं. मी काय बोलले तेही सांगितलं, शब्द न बदलता. मग नाथाजींसमोर स्टूल ओढून बसले. "मिस्त्री, माझं चुकलं. पण मला एक सांगा. सगळं झालं होतं. मग कशाला लावलात?"

त्यांनी मान वळवली नाही. "समद्या कड्याला न्हाई लावला. नुस्ता मागल्या दाराला लावला. उंबरा खरखरीत राहिला व्हता. येताजाता त्येंची आंगं खरचटली आसती." मग म्हणाले, "नाजूक आसत्यात वो ती."

 क्रांतीने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"नऊ नंबर जिवंत आहे," मी म्हणाले. "आत्ता बघून आले. उद्या सकाळी या. उंबरा खरवडून काढू आणि कानशीने घासून गुळगुळीत करू. चुन्याशिवाय."

"आन परत एकवीस दिस पाणी?"

"पंधरा दिवसांत होईल. अनंतरावांची स्कूटर परत घाण झाली आहे."

ते हसले नाहीत, पण सकाळी आले. आपल्याच हातचं काम खरवडून काढायला त्यांना तीन दिवस लागले. भुयारात हात जाईना म्हणून त्यांनी चमच्याच्या दांडीला काचकागद गुंडाळला. मग सिमेंटचा पातळ हात, मग पाणी. ह्या खेपेला रोजची तपासणी त्यांनीच केली. थेंब टाकून ते बाटली उजेडात धरायचे, एक डोळा मिटायचे आणि निकाल द्यायचे. "आजून निळसर हाय. घाई न्हाई." चौदाव्या दिवशी पाणी हिरवट झालं. त्यांनी आणखी तीन दिवस थांबवलं. मी कुरकुर केली तर म्हणाले, "बाई, ह्या वक्ताला तुमी गप बसा." एकतीस वर्षांत माझ्यावर हे वाक्य कुणी उलटवलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही मासे सोडले. हळद-कुंकू मी टाकीच्या बाहेर, लाकडी स्टँडला लावलं. आधी एक नंबर, मग नऊ. बाकीच्यांना मी जुन्या टाकीतच थांबवलं. एक नंबरने कड्यापुढून चार फेऱ्या मारल्या, जणू जागा आधीच त्याच्या नावावर आहे. नऊ नंबर उजव्या कोपऱ्यात गेला आणि भुयारात शिरला. तो तिथेच राहिला.

तास झाला. नाथाजी टाकीपुढच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मी दोनदा चहा केला, दोन्हीदा तो निवून गेला. एव्हाना मागच्या वेळी तो आडवा पडला होता. अनंतराव उगाचच पेपराची घडी घालत होते आणि मोडत होते. "आत मेला नसंल न्हवं?" नाथाजी म्हणाले आणि काचेकडे वाकले. मीही काचेला नाक लावलं.

मग कड्याच्या डाव्या अंगाने, तांबड्या पट्टीच्या खालून, नऊ नंबर बाहेर आला. मागच्या दाराने. उंबऱ्याला अंग घासत सावकाश आला, टाकीच्या मधोमध थांबला आणि कल्ले हलवत आमच्याकडे बघत राहिला. माझ्या घरी आल्यापासून हा मासा उघड्यावर थांबलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"उपस्थित," अनंतराव म्हणाले.

दुपारपर्यंत सतराही मासे राहायला गेले होते. मी कपाटातून टॉवेल-टोपी आणि नारळ काढला. नारळ पहिल्या वेळचाच होता, हलवला तर आत खुळखुळत होता. तेवढ्यात क्रांती आली, गणवेशातच. जुडगा हातात होता आणि काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी. तिने टाकीकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं.

"टोपी मी घालते, काकू," ती म्हणाली. तिने वडिलांच्या डोक्यावर नवी टोपी ठेवली, खांद्यावर पांढराशुभ्र टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. मग मला म्हणाली, "दोन वरसं आबा ताटाकडं बघून जेवत व्हते. ह्ये काम सुरू झाल्यापास्नं जेवताना बोलत्यात. मधल्या त्या एका दिसाला परत गप झाले, तवा मला कळलं मी काय कुलपात घातलं व्हतं."

तिने ते लुगडं सोडून वडिलांच्या मांडीवर ठेवलं. आत बसाप्पांची थापी होती.

"बसून करायची कामं," तिने बजावलं. "परांची न्हाई. स्टूल न्हाई."

"व्हय," नाथाजी म्हणाले.

त्यांनी थापी उलटीपालटी केली, पात्यावरून अंगठा फिरवला, आणि अंगठा तांबूस झालेला बघून कपाळाला आठ्या घातल्या. "गंज चढू दिलास," ते लेकीला म्हणाले. "तेल न्हाई लावलंस?"

"आता तुमीच लावा."

नाथाजींनी नारळ खाली ठेवला. खांद्यावरचा कोराकरकरीत टॉवेल ओढून घेतला, त्याचं एक टोक बोटाला गुंडाळलं, आणि "निधान, निधान" असं पुटपुटत थापीचा गंज पुसायला लागले.